हनीवेल पीटीएम७९५०: ग्राफिक्स कार्डाच्या हॉटस्पॉटवर पक्का इलाज, पण आधी दुखणं तेच आहे ना ते पाहा

ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर थर्मल पेस्टऐवजी (चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाऐवजी) लावायला आजच्या घडीला हनीवेलच्या पीटीएम७९५० शीटइतकी भरवशाची दुसरी वस्तू नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. हे मत पहिल्या दिवसाच्या तापमानावरून बनलेलं नाही. पहिल्या दिवशी चांगली ताजी पेस्टही जवळपास तेच आकडे दाखवते, कधी एखादा अंश कमीच. शीटचं मोल कळतं ते वर्षा-दोन वर्षांनी, जेव्हा पेस्ट चिपच्या मधोमध विरळ झालेली असते आणि शीट मात्र लावली तिथेच असते.

पेस्ट विरळ का होते हे समजलं की या शीटचं काम आपोआप समजतं. डेस्कटॉप प्रोसेसरच्या चिपवर धातूचं झाकण असतं. ग्राफिक्स चिप उघडीच असते. सिलिकॉनवर थेट कूलरचा तांब्याचा तळ टेकतो. तापल्यावर तांबं सिलिकॉनच्या साधारण सहापट प्रसरण पावतं आणि चिपखालचा आधाराचा थर, म्हणजे सबस्ट्रेट, तोही किंचित वाकतो. गेम सुरू केला की हे सगळं ताणलं जातं, बंद केला की पूर्ववत होतं. अशा प्रत्येक फेरीत मधली पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. याला पंप-आउट म्हणतात. पातळ पेस्ट लवकर सरकते, घट्ट पेस्ट उशिरा, पण उघड्या चिपवर सरकते दोन्ही. असं कार्ड उघडलं की कडेला पेस्टचा जाड बांध दिसतो, आणि मधे झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा सोडल्या तर चिप जवळजवळ उघडी पडलेली असते. नेमकी तिथेच सगळ्यात जास्त उष्णता असते.

पीटीएम७९५० हे फेज-चेंज प्रकारचं मटेरियल आहे. सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या खाली ते घट्ट राहतं, त्याच्या वर मऊ होऊन पसरतं. मऊ झालं तरी ते पाण्यासारखं वाहत नाही. कूलरच्या दाबाखाली दबत दबत पातळ होतं, सूक्ष्म खाचा भरतं आणि थांबतं. गार झालं की पुन्हा घट्ट. त्यामुळे पेस्टसारखं बाहेर ढकललं जात नाही.

कंपनीच्या माहितीपत्रकात उष्णतावहन ८.५ वॅट प्रति मीटर-केल्विन दिलेलं आहे. बाजारातल्या पेस्टच्या डब्यांवर १२, १४ असे आकडे छापलेले असतात, त्यांच्यापुढे हा आकडा फिका वाटतो. त्याकडे लक्ष देऊ नका. महत्त्वाचा आकडा आहे तो औष्णिक रोधाचा: ०.०४ अंश प्रति वॅट, एका चौरस सेंटिमीटरला. उदाहरणच घेऊ. आरटीएक्स ३०८० ची चिप ६२८ चौरस मिमीची आणि कार्ड ३२० वॅटचं. मेमरी आणि व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारा भाग) यांचा वाटा वजा करून चिपमधून २३० वॅट निघतात असं धरलं, तर या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक पडतो जेमतेम दीड अंशाचा. हीच शीट वितळली नसती आणि पाव मिमी जाड राहिली असती, तर फरक पडला असता सुमारे ११ अंशांचा. म्हणजे सगळी करामत पातळ होण्यात आहे. वितळल्यानंतर उरणारा थर या आकड्यांवरून ०.०३ मिमीच्या आसपास निघतो. आणि हे सरासरीचं गणित झालं. चिपच्या काही भागांत उष्णतेची घनता सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून तिथला थर जरा बिघडला तरी हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान, लगेच उसळी मारतो.

आधी निदान

शीट मागवण्याआधी एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड यांपैकी तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर उघडा आणि कार्डावर वीसेक मिनिटं सलग भार द्या. थ्रीडीमार्कचा स्ट्रेस टेस्ट चालेल, युनिजिन सुपरपोझिशन चालेल, रोजचा जड गेमही चालेल. तीन आकडे टिपा: चिपचं तापमान, हॉटस्पॉट आणि मेमरीचं जंक्शन (चिपच्या आतलं) तापमान.

चिप आणि हॉटस्पॉट यांच्यात १० ते १५ अंशांचा फरक असेल तर संपर्क उत्तम आहे, कार्ड उघडू नका. २० च्या पुढे गेला की संशय घ्या. २५-३० किंवा त्याहून जास्त असेल तर पेस्ट गेली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. ही शीट याच दुखण्यासाठी आहे. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत ११० अंशांपर्यंतचं जंक्शन तापमान (एएमडी हॉटस्पॉटला हेच म्हणते) कंपनी मर्यादेत धरते, म्हणून त्यांच्या बाबतीत नुसता मोठा आकडा बघून घाबरू नका, फरक बघा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटची नोंद बाहेर दिलेलीच नाही. तिथे अंदाज करायचा तो जुन्या आकड्यांशी ताडून: त्याच गेममध्ये, त्याच वॅटला, पंखे पूर्वीपेक्षा जोरात फिरतात का?

चिप ८४ आणि हॉटस्पॉट ९५ असेल, तर मात्र शीट काही करणार नाही. दोन्ही एकत्र चढलेत याचा अर्थ उष्णता चिपमधून कूलरपर्यंत व्यवस्थित पोचते, पण कूलरमधून बाहेर पडत नाही. कॅबिनेटचं बाजूचं दार काढून तीच चाचणी पुन्हा करा. पाच अंश किंवा जास्त उतरले तर दोष हवेच्या मार्गात आहे: पुढच्या जाळीवर धूळ साचलेली, पुढे काच लावलेलं कॅबिनेट, कार्डाच्या पंख्याखाली दोन बोटंही जागा नाही, असं काहीतरी. दार काढूनही फरक नसेल तर कूलरच्या पत्र्यांमध्ये अडकलेली धूळ पाहा. ब्लोअरने झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीजही तयार करते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. कार्ड आडवं असताना हॉटस्पॉट ११० ला आणि उभं केलं की एकदम खाली, असं होत असेल तर बिघाड व्हेपर चेंबरमध्ये (कूलरच्या तळातल्या द्रव भरलेल्या बंद पोकळीत) असू शकतो. २०२३ च्या सुरुवातीला एएमडीने आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या स्वतःच्या डिझाइनच्या काही कार्डांबाबत हे मान्य केलं होतं: चेंबरमध्ये द्रव कमी भरला गेला होता. असं कार्ड वॉरंटीत परत करायचं असतं. त्यावर कोणतीही शीट, कोणतीही पेस्ट चालत नाही.

लावण्याची पद्धत

कार्ड उघडण्याआधी दहा मिनिटं चालवून कोमट करा. थंड पेस्ट गोंदासारखी धरते आणि कूलर हिसकावून काढताना चिपच्या कोपऱ्याचा टवका उडू शकतो. मग संगणक बंद, वीज काढलेली, कार्ड बाहेर. मागच्या बाजूला चिपभोवती चौकोनात चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात. ते एकदम पूर्ण न काढता समोरासमोरचे आलटून पालटून अर्धा अर्धा आटा सैल करा. एखाद्या स्क्रूवर स्टिकर असतो. तो फाटला तर काही कंपन्या वॉरंटी नाकारतात, काही नाकारत नाहीत. आपल्या कार्डाच्या अटी आधी वाचून घ्या. कूलर उचलताना थोडा डावीउजवीकडे फिरवत उचला आणि लगेच दूर ओढू नका, कारण पंख्याच्या आणि आरजीबीच्या बारीक तारा अजून जोडलेल्या असतात. त्या सोडवताना तार ओढायची नाही. कनेक्टरचं प्लास्टिक नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलवत काढायचं.

चिप आणि तांब्याचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ९९ टक्क्यांचं उत्तम, ९० च्या वरचं चालतं. कापूस नको, त्याचे तंतू राहतात. चष्म्याचं कापड किंवा कॉफी फिल्टर घ्या. शेवटचा हात फिरवल्यावर चिपवर स्वतःचं प्रतिबिंब स्वच्छ दिसलं पाहिजे.

आता शीट. दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म असते, आणि निम्म्या लोकांची शीट इथेच फाटते. खोलीच्या तापमानाला मटेरियल फिल्मला चिकटून येतं. त्यामुळे फिल्मसकट चिपच्या मापाचा तुकडा कापा, पिशवीत बंद करून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर एका बाजूची फिल्म झटकन सोला. फिल्मचा कोपरा सुटत नसेल तर त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ओढा. उघडी बाजू चिपवर टेकवून बोटाने एका कडेकडून दुसरीकडे दाबत जा, म्हणजे मधे हवा राहत नाही. बोटाच्या उबेने ती चिपला धरते. मग वरची फिल्म तिरकी, चिपला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश काढा. फिल्मबरोबर शीटही उचलून येऊ लागली तर थांबा, चिपवर थंड चमच्याची पाठ क्षणभर टेकवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

माप चिपइतकंच किंवा प्रत्येक बाजूला अर्धा-एक मिमी जास्त ठेवा. कमी नको. उघडा राहिलेला कोपरा वितळल्यावर भरेल या आशेवर सोडू नका; मटेरियल पसरतं ते थोडंच. कोपरा फाटला तर कापून उरलेल्या शीटचा तुकडा तिथे डकवा, सांधा वितळून एक होतो. सुरकुती पडली तरी चालतं. कडेने बाहेर आलेलं मटेरियल वीजवाहक नाही, त्यामुळे चिपभोवतीच्या कपॅसिटरवर गेलं तरी धोका नाही. आरएक्स ७९०० मालिकेत मधल्या मोठ्या चिपभोवती मेमरी-कॅशच्या छोट्या चिप असतात. त्याही झाकल्या जातील एवढा एकच तुकडा घ्या.

थर्मल पॅड: काम फसतं ते इथे

शीट लावूनही हॉटस्पॉट तसाच राहिला अशा तक्रारींत बहुतेक वेळा शीट निर्दोष असते आणि दोष मेमरीवरच्या थर्मल पॅडमध्ये (मेमरी आणि कूलर यांच्यातली फट भरणाऱ्या पट्टीत) असतो. कूलर एकाच वेळी चिपवर, मेमरीवर आणि व्हीआरएमवर टेकतो. मेमरीवर मूळचे पॅड १ मिमीचे असताना तिथे १.५ मिमीचे, तेही कडक पॅड घातले, तर कूलर त्यांच्यावरच उभा राहतो आणि चिपवरचा दाब जातो. मग शीट वितळते पण दबत नाही, जाडच राहते. वरचं ११ अंशांचं गणित आठवा.

म्हणून मूळ पॅड शाबूत असतील, फाटले-चुरले नसतील, तर ते तसेच राहू द्या. बदलायचेच असतील तर आपल्या नेमक्या मॉडेलची जाडी शोधा. एकाच चिपच्या दोन कंपन्यांच्या कार्डांत ती वेगळी असते, आणि एकाच कार्डात मेमरीला एक, व्हीआरएमला दुसरी असणंही नेहमीचं. जुना पॅड कॅलिपरने मोजताना दबलेला भाग आणि कडेचा न दबलेला भाग, दोन्ही मोजा. मूळ जाडी न दबलेल्या भागावरून कळते. जास्त उष्णतावहनाचे पॅड बहुधा कडक असतात, म्हणून त्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा मऊपणा पाहा. जाडीची खात्री होत नसेल तर थर्मल पुट्टी वापरा. ती दाबाप्रमाणे हवी तेवढी पसरते आणि कूलरला उचलून धरत नाही.

पीटीएम७९५० चे तुकडे मेमरीवर लावायचा विचारही करू नका. तिथली फट मिलिमीटरची असते आणि हे मटेरियल भरतं ती मिलिमीटरच्या अंशांची. वितळून पातळ झालं की मेमरी आणि कूलर यांच्यात नुसती हवा राहील. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना वेग कमी करते, आणि तिथवर जायला तिला अशा परिस्थितीत फार वेळ लागत नाही.

कूलर परत बसवताना चार मुख्य स्क्रू आधी, समोरासमोरच्या जोड्यांनी, अर्धा अर्धा आटा फिरवत कसा. स्प्रिंगवाले स्क्रू एका ठिकाणी आपोआप थांबतात. तिथपर्यंत न्यायचे, पुढे जोर लावायचा नाही. बाकीचे बारीक स्क्रू त्यानंतर.

पहिले काही तास

पहिल्यांदा चालू केल्यावर आकडे वाईट दिसतील. घाबरून लगेच उघडू नका, शीट अजून जाड आहे. पंखे ३० टक्क्यांवर अडकवून कार्डाला अर्धा तास भार द्या, चिप ६५ ते ७५ अंशांवर राहू द्या. मग पूर्ण थंड करा. असं दोन-तीनदा केल्यावर हॉटस्पॉट उतरायला लागतो, आणि पुढच्या काही दिवसांच्या वापरात आणखी एक-दोन अंश जातात. पहिल्या फेरीनंतर कार्ड थोडं गरम असतानाच चार मुख्य स्क्रू पुन्हा तपासा. थर पातळ झाल्यावर कधी कधी चतुर्थांश आटा आणखी बसतो. कस्टम वॉटर कूलिंग असलेल्या कार्डात चिप ४५ च्या वर फारशी जातच नाही. तिथे ही पहिली फेरी पंप आणि रेडिएटरचे पंखे मंद ठेवून मुद्दाम करावी लागते.

आधी आणि नंतर तुलना करताना हमखास गल्लत होते. आधुनिक कार्ड ठरावीक तापमान राखण्यासाठी पंखे कमी-जास्त करतं. त्यामुळे काम उत्तम झालं तरी चिप पूर्वीइतकीच ७२ अंशांवर दिसू शकते, फक्त पंखे १९०० ऐवजी १५०० फेऱ्यांवर फिरत असतात. तापमान पाहून "काहीच फरक नाही" म्हणू नका. दोन्ही वेळा पंखे एकाच टक्केवारीवर, समजा ६० वर, कायम ठेवा. पॉवर लिमिट (कार्डाला वापरता येणाऱ्या वॅटची मर्यादा) तेच, चाचणी तीच, आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. खोली चार अंशांनी गार असेल तर कार्डही साधारण तेवढंच गार दिसतं. त्यातला काही गुण शीटचा नाही.

नकली माल आणि पर्याय

या शीटचं नाव झाल्यापासून त्याच नावाने साधे सिलिकॉन पॅड विकले जातात. तपासायचा सोपा मार्ग: छोटा तुकडा काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरा, ६०-७० अंशांच्या गरम पृष्ठभागावर ठेवा आणि वरून दाबा. खरं मटेरियल मऊ होऊन पसरतं आणि गार झाल्यावर पातळच राहतं. रबरासारखं दबून परत फुगलं तर ते फेज-चेंज नव्हे. या चाचणीने फेज-चेंज आहे की नाही एवढं कळतं, हनीवेलचं आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी विक्रेता खात्रीचाच हवा.

थर्मल ग्रिझलीची फेजशीट आणि थर्मलराइटची हेइलोस याच प्रकारात येतात आणि ग्राफिक्स कार्डाला दोन्ही चालतात. ठरावीक मापात कापलेल्या मिळतात ही सोय. लिक्विड मेटलने (पेस्टऐवजी लावायच्या द्रवरूप धातूने) आणखी काही अंश मिळतात हे खरं, पण ते वीजवाहक आहे, चिपभोवतीच्या उघड्या कपॅसिटरवर एक थेंब गेला तर कार्ड संपतं, आणि त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरतं. गेमिंगच्या कार्डासाठी हा सौदा आम्हाला पटत नाही. घट्ट, उच्च दर्जाची पेस्ट मात्र वाईट निवड नाही, विशेषतः दीडशे वॅटच्या आतल्या कार्डात: तिथे उष्णतेची घनता कमी असते आणि शीटचा फायदा जेमतेम जाणवतो. एवढ्या छोट्या कार्डात आधी अंडरव्होल्ट करून पाहा. चिपचा वेग (क्लॉक) तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवलं की उष्णता मुळातच कमी तयार होते, आणि स्क्रूड्रायव्हरला हातही लावावा लागत नाही.

उरलेली शीट दोन्ही फिल्म लावलेल्या अवस्थेत, सपाट, हवाबंद पिशवीत थंड जागी ठेवा. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर कार्ड पुन्हा चांगलं तापवून घ्या, कारण थंड अवस्थेत ही शीट पेस्टपेक्षा घट्ट धरते. चिपवर राहिलेला मेणचट थर आधी प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडा, मग अल्कोहोल. त्याच थरावर कूलर परत बसवू नका, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून नवा तुकडा घ्या.